बटण बंद होतं

आमच्या भागात लाईटची कामं करणाऱ्यांची एक रीत आहे. खंडेनवमीला सगळे एकत्र जमतात. पक्कड, टेस्टर, ड्रिल मशीन, ज्याचं जे असेल ते एका सतरंजीवर मांडतात, हळदकुंकू वाहतात, झेंडूची फुलं घालतात, नारळ फोडतात. आणि पूजा झाल्यावर आपलं हत्यार उचलायच्या आधी प्रत्येकानं सगळ्यांसमोर सांगायचं, की हे काम आपण कुणाकडून शिकलो. वस्तादाचं नाव घेतल्याशिवाय हत्याराला हात लावायचा नाही. वस्ताद हजर असेल तर त्याच्या पाया पडायचं, त्याच्या हातात नारळ द्यायचा. ही रीत कुणी सुरू केली देव जाणे. पण पौडमधल्या एका इलेक्ट्रिकच्या दुकानामागं जे गोडाऊन आहे, तिथं ती दरवर्षी पाळतात. आणि त्या सतरंजीपाशी माझा नंबर लागायची मी किती वाट बघितली, ते माझं मला ठाऊक.

सूड घ्यायचा होता मला. उगाच गोडगोड बोलण्यात काय अर्थ आहे? बाकीचे सांगतात, लहानपणापासून आवड होती, रेडिओ उघडून बघायचो, बॅटरीवर पंखा फिरवायचो. माझं तसलं काही नव्हतं. आमच्या घरात उघडायला रेडिओच नव्हता. आमचं शेळ्यामेंढ्यांचं घर, माले गावाच्या अलीकडं वस्ती. कुणी विचारलं असतं, पोरी तुला काय व्हायचंय, तर मी सांगितलं असतं, काय वाटेल ते करा पण मला शेरडांमागं धाडू नका. या धंद्यात मी आले ती एका माणसावरच्या रागानं.

त्याला सगळे मिस्त्री म्हणतात. मीही तेवढंच म्हणेन, त्याचं नाव माझ्या तोंडानं घ्यायची माझी इच्छा नाही. आमच्या पट्ट्यात घरोघरी लाईट आली तेव्हा वायरिंग करणारा हाच एकटा. पौडपासून वर ताम्हिणीच्या घाटापर्यंत जुनी घरं बघा, निम्मी त्याच्या हातची. लोक त्याला ओट्यावर बसवून चहा द्यायचे, आणि तो बोलला की डॉक्टर बोलल्यासारखे ऐकायचे. आमच्या घरातही पहिला बल्ब त्यानंच लावला. तेव्हा आईनं त्याला ओवाळलं होतं म्हणे. हे आठवलं तरी माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

घटस्थापनेच्या आधी आमच्याकडं दसरा काढतात. म्हणजे घरातलं सगळं, अगदी चिंधीसुद्धा, बाहेर काढून धुवायचं. गोधड्या ओढ्यावर, भांडी अंगणात, भिंतींवरून झाडू. मी शाळकरी होते, पण दसरा काढायचा म्हणून आईनं मला घरी ठेवून घेतलं होतं. मधल्या खोलीतला बल्ब चुलीच्या धुरानं काळाकुट्ट झाला होता. आई शेजारून आणलेल्या लोखंडी स्टुलावर चढली.

"बटान बंद कर गं," ती म्हणाली.

मी केलं. दिवा विझला. खोलीत खिडकी नव्हती, त्यामुळं दिवसाढवळ्यासुद्धा अंधार झाला. दार उघडं होतं, त्या उजेडात आईनं बल्ब काढून माझ्या हातात दिला आणि हातातलं ओलं फडकं होल्डरमध्ये घालून पुसायला लागली.

आई ओरडली नाही. तिच्या तोंडातून कसलासा दबका आवाज आला आणि ती स्टुलासकट खाली आली. माझ्या हातातला बल्ब कधी फुटला ते मला कळलं नाही. तिची उजव्या हाताची बोटं भाजली होती, मनगट मोडलं होतं. मनगट पुढं जुळलं. बोटांपैकी दोन काही सरळ झाली नाहीत, आजही भाकरी थापताना ती आत वळलेलीच असतात.

दुसऱ्या दिवशी वडिलांनी मिस्त्रीला बोलावून आणलं. त्यानं सगळ्यांना अंगणात काढलं. "मेन बंद करतूया, पोरंबाळं लांब घ्या," म्हणाला. बराच वेळ तो आत एकटाच होता. मग त्यानं सगळ्यांना आत बोलावलं. आमची वस्ती तेवढी, कुणाच्या घरी काही झालं की सगळी गोळा होतात. त्यानं नवा बल्ब लावला, बटण दाबून दिवा लावून दाखवला, विझवून दाखवला. मग बटण बंद ठेवून बल्ब काढला आणि सगळ्यांच्या देखत होल्डरमध्ये स्वतःचं बोट घातलं.

"बघा," तो म्हणाला. "बटान बंद हाय, अन् बोट घातलंय म्या. झालं का मला काय? बाईनं बटान बंदच केलं न्हवतं. माझ्या कामात खोट न्हाई."

"मी केलं होतं बंद!" मी ओरडले. "दिवा इजला होता! म्या बघितला!"

लोक हसले. मिस्त्रीही हसला. "लेक आईचीच बाजू घेनार की," म्हणाला आणि आपली पिशवी उचलली.

आई गळ्यात हात अडकवून भिंतीशी बसली होती. वडील तिला म्हणाले, "चूक झाली म्हन अन् मोकळी हो. हुतंय मानसाच्या हातनं."

"झालीच न्हाई तर कशी म्हनू?" आई म्हणाली.

बास. तिथंच सगळं संपलं असतं, तिनं 'चूक झाली' म्हटलं असतं तर. पण ती म्हणाली नाही, आणि लोकांनी ठरवून टाकलं की हिच्या डोक्यावर परिणाम झालाय. एक तर विसरली, वर खोटं बोलतेय, आणि पोरीलाही खोटं बोलायला शिकवतेय. वस्तीवर मग ती म्हणच पडून गेली. कुणाचं दूध उतू गेलं, कुणी शेरडं मोकळी सोडून आलं, की बायका विचारायच्या, "काय गं, बटान चालू ठेवलंस व्हय?" आणि ख्याख्या करून हसायच्या. आईच्या समोर. पाण्याला गेलं तरी तेच, लग्नात जेवायला बसलं तरी तेच.

आमची आई कशी होती हे ज्यांनी बघितलं नाही त्यांना हे कळायचं नाही. अख्ख्या खांडव्यातलं, म्हणजे कळपातलं, एकेक शेरडू तिला तोंडपाठ होतं. कुठलं कुणाच्या पोटचं, कुठलं कधी व्यालं, कुठल्याचा पाय पावसात दुखतो. व्यापारी आला की वडील आधी तिच्याकडं बघायचे, तिनं मान हलवली तरच दोरी सोडायचे. त्या दिवसानंतर वडिलांनी तिच्याकडं बघणं बंद केलं. व्यापारी आला की तिला सांगायचे, "तू आत बस, च्या ठेव." ती आत बसायची, चहा ठेवायची. मी दारात उभी राहून तिचं तोंड बघायचे आणि मनात मिस्त्रीला अशा शिव्या द्यायचे की त्या इथं लिहिता येणार नाहीत.

पण एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नव्हती. बटण मी बंद केलं होतं, ही काळ्या दगडावरची रेघ. दिवा विझलेला मी बघितला होता. मग आईला करंट आला कुठून? आणि त्या बाबानं बोट घातलं तर त्याला का नाही आला? या एका प्रश्नासाठी मी दहावीनंतर आयटीआयला वायरमनचा कोर्स घेतला. वडील म्हणाले, पोरीच्या जातीला हे काय भलतंच. मी म्हटलं, शेरडं परवडली का मग? त्यांना वाटलं मला कंपनीत नोकरी पाहिजे. वाटू दे म्हटलं.

उत्तर मिळायला फार दिवस लागले नाहीत. वर्कशॉपमध्ये सरांनी लाकडी फळीवर एक बटण, एक होल्डर, एक बल्ब जोडला आणि सांगितलं, दोन वायरी असतात. फेज म्हणजे करंट घेऊन येणारी, न्यूट्रल म्हणजे परतीची. बटण नेहमी फेजवर टाकायचं. मग त्यांनी मुद्दाम उलटं जोडून दाखवलं, बटण न्यूट्रलवर. बटण दाबलं, दिवा लागला. बंद केलं, दिवा विझला. बघणाऱ्याला काहीच फरक नाही. मग सरांनी बल्ब काढला, बटण बंदच होतं, आणि होल्डरमध्ये टेस्टर टेकवला. टेस्टरमधला दिवा लागला.

"हे डेंजर," सर म्हणाले. "दिवा विझलाय म्हणून माणूस बिनधास्त हात घालतो, आणि होल्डर जिवंतच असतो. जुन्या लोकांनी अशी लई घरं करून ठेवलीत."

बाकीची मुलं वहीत काढत होती. मी उठून बाहेर गेले आणि वर्कशॉपच्या मागं उभी राहून रडले. दुःखानं नाही. संतापानं. कारण मला तेवढ्यात सगळं दिसलं. आम्हाला अंगणात काढून तो आत बराच वेळ काय करत होता ते दिसलं. मेनपाशी दोन वायरींची अदलाबदल केली की झालं, उलटं होतं ते सुलटं. मग बटण बंद करून बोट घाला नाहीतर अख्खा हात घाला, काय होतंय! म्हणजे त्याला कळलं होतं. आपली चूक त्याला कळली होती, त्यानं ती गुपचूप निस्तरली, आणि मग सगळ्यांना आत बोलावून माझ्या आईला खोटी पाडली. चुकीला मी माफ केलं असतं कदाचित. पण ते बोट? ते बोट मी कधीच माफ करणार नव्हते.

घरी जाऊन वडिलांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आता कशाला जुनं उकरतीस? पुरावा हाय का?" नव्हता. आमच्या घरातलं तर त्यानंच सरळ केलं होतं. आईला सांगितलं तेव्हा ती फक्त म्हणाली, "म्या काय येगळं सांगत हुते?" आणि शेणाची पाटी उचलून बाहेर गेली.

मग मी काम शिकले. नीट शिकले. हिंजवडीला एका मोठ्या बिल्डिंगच्या मेंटेनन्सला होते, तिथं चांगलं शिकायला मिळालं आणि वाईटही. शिडीवर चढले की खालून साहेब लोक विचारायचे, "मॅडम, जमेल ना?" मी म्हणायचे, शिडी धरा, जमेल. मग स्वतःची कामं सुरू केली. कासार आंबोलीकडं शनिवार-रविवारच्या पाहुण्यांचे बंगले झाले, तिथली कामं मिळाली, आणि त्यांच्या राखणदारांच्या ओळखीनं गावातली जुनी घरं मिळाली. मिस्त्रीच्या हातची घरं.

प्रत्येक घरात मी आधी काय करायचे? बटण बंद करायचे आणि होल्डरला टेस्टर लावायचे. त्या काळातलं त्याचं जे जे काम उघडलं, ते ते उलटं निघालं. ताम्हिणीला एका घरात तर भिंतींना ओल धरलेली, म्हातारी एकटी राहायची, आणि बटणं सगळी न्यूट्रलवर. आमचं घर तेवढं त्यानं सरळ केलं होतं, आणि बाकीची तशीच ठेवली होती. माणसं मेली असती तरी चाललं असतं त्याला, पण आपलं चुकलं हे म्हणायचं नव्हतं.

मी सगळीकडं सरळ करून द्यायचे. लोक विचारायचे, काय झालं होतं ताई? मी म्हणायचे, सैल होतं, आवळलं. तेव्हाच का नाही बोलले? कारण घरोघरी सांगितलं असतं तर नुसत्या कुजबुजी झाल्या असत्या, आणि तो म्हणाला असता, कालची पोरगी, माझ्यावर जळती. मला कुजबुज नको होती. त्यानं जे केलं ते चारचौघांत केलं होतं. मला चारचौघंच पाहिजे होते, आणि तेही असे की ज्यांना समजावून सांगायची गरज पडणार नाही.

आणि मग गेल्या खंडेनवमीच्या चार दिवस आधी पौडच्या त्या दुकानदाराचा फोन आला. "ताई, तुमी बी या की औंदा. सगळी बोलत्यात, बाई चांगली कामं करती." मी विचारलं, मिस्त्री येतात का? "म्हंजे काय! त्येंच्याशिवाय पूजा हुती व्हय?"

खंडेनवमीच्या सकाळी मी सगळ्यांच्या आधी गेले. दुकानदाराला म्हटलं, झाडून घेते. गोडाऊनमध्ये मधोमध एक जुना होल्डर लोंबत होता, मिस्त्रीच्या काळातला. बटण बंद केलं, टेस्टर लावला. लागला. मला हसूच आलं. तालुक्यातले सगळे लाईटवाले वर्षानुवर्षं ज्याच्याखाली बसून पूजा करतात, तो होल्डरच उलटा, आणि एकानंही बघू नये! बोर्ड उघडून मी तो सरळ केला, बल्ब परत लावला, आणि रांगोळी काढायला बसले.

पूजा झाली. मिस्त्रीला त्या होल्डरपाशीच खुर्ची दिली होती, बाकीचे सगळे खाली. तो थकला होता आता, डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, काळा चष्मा. एकेक जण उठून सांगायला लागला. मांडववाला म्हणाला, "मी लग्नाच्या तोरणांवर शिकलो. एक बल्ब गेला का सगळी माळ बंद. नवरदेव घोड्यावर बसलाय, बँड वाजतोय, अन् मी झाडावर बल्ब हुडकतोय." मोटारी भरणारा, म्हणजे जळलेल्या मोटारीत नवी तार गुंडाळणारा, म्हणाला, त्याचा मामा तार चुकली की बोटांवर लाकडी ठोकळा मारायचा, आता मामाचंच दुकान तो चालवतो. हिंजवडीच्या साइटवरून आलेला बिहारचा एक जण होता, तो म्हणाला, "मैं तो टाइल्स लगाने आया था. ठेकेदार का इलेक्ट्रिशियन भाग गया, तो बोला, तू ही पकड़ ले." सगळे पोट धरून हसले. पण जुने जे होते, ते एकामागून एक उठले आणि मिस्त्रीच्या पाया पडले. नारळांचा ढीग झाला त्याच्या पायाशी. तो प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवत होता, आणि मधूनच म्हणत होता, "हे गोडाऊन बी माझ्याच हातचं हाय बरं का."

शेवटी मी उठले.

"मी पण मिस्त्रींकडूनच शिकले," मी म्हणाले.

सगळे चकित झाले. मिस्त्रीनं चष्मा वर केला. "कवा गं? बाईमानूस न्हाई कुनी शिकलं माज्याकडं."

"लहान होते मी. तुमी आमच्या घरी येऊन शिकवलंत. मालेच्या अलीकडं, मेंढरांची वस्ती. माझी आई स्टुलावरनं पडली होती."

त्याला पटकन आठवलं नाही. याचा मला सगळ्यात जास्त राग आला. ज्या दिवसानं आमचं घर फिरलं, तो दिवस याच्या लक्षातही नव्हता!

"तुमी होल्डरात बोट घालून दाखवलं होतं," मी म्हणाले.

आता आठवलं. तोंडावरून कळलं मला. मी जाऊन बटण बंद केलं, कोपऱ्यातलं स्टूल घेऊन वरचा बल्ब काढला आणि ते स्टूल त्याच्या खुर्चीपुढं सरकवलं.

"तोच धडा परत एकदा दाखवा, मिस्त्री. सगळ्यांच्या देखत शिकायचाय मला. बटण बंद हाय. घाला बोट."

"सनासुदीचं हे काय काढलंस," तो म्हणाला.

"दोन मिंटाचं काम हाय."

मांडववाल्याला गंमत वाटली. "घाला की मिस्त्री, बटान तर बंद हाय!"

"हात वला हाय माजा. नारळ फोडलाय."

"बटण बंद असल्यावर ओल्या हातानं काय होतंय?" मी म्हणाले. "आईचं पण फडकं ओलंच होतं. तुमी सांगितलंत, बटण बंद असतं तर काय झालं नसतं. मग घाला. तुमच्याच हातचं काम हाय हे."

तो उठला नाही. खुर्चीचे हात धरून बसून राहिला. आणि मग मी सांगते तुम्हाला, गोडाऊनमधलं हसणं एकेक करून थांबत गेलं. ती सगळी लाईटवाली माणसं. बटण बंद असलेल्या होल्डरला हात लावायला वायरिंग करणारा माणूस भितोय, याचा अर्थ काय, हे त्यांना फोड करून सांगावं लागत नाही. मोटारी भरणाऱ्यानं वर होल्डरकडं बघितलं, मग मिस्त्रीकडं बघितलं, आणि हळूच म्हणाला, "न्यूट्रलवर हाय व्हय?"

मिस्त्रीनं चष्मा परत डोळ्यांवर ओढला.

मी स्टुलावर चढले आणि माझं बोट होल्डरमध्ये घातलं. काही झालं नाही. "सकाळी येऊन मी सरळ केलंय," मी म्हणाले. "तुमी घातलं असतं तर काय झालं नसतं. पण तुमाला ठाऊक होतं की तुमी उलटं केलंय. इथं पण, आणि आमच्या घरी पण."

किती गोड वाटलं म्हणून सांगू! अंगावर शहारा आला माझ्या. माणसं म्हणतात सूड घेऊन काही मिळत नाही. मिळतं. मला मिळालं. मघाशी सगळ्यांच्या डोक्यावर ठेवलेला हात त्यानं काखेत लपवलेला मी डोळे भरून बघितला.

शेवटी तो बोलला, मान खाली घालून. "मला कुनी शिकवलंय? पुन्यात एका ठेकेदाराकडं खड्डं खनायला हुतो. बगून बगून शिकलो. दिवा लागला, दिवा इजला, का झालं काम, येवढंच मला ठावं. तुज्या घरी मेन उघडला तवा उजेड पडला डोक्यात."

"मग सांगितलं का न्हाई?"

"भ्यालो. कोन बोलावलं असतं मला परत?"

"आणि बाकीची घरं? ती का न्हाई सरळ केली?"

"लोकांनी इचारलं असतं, आता का उघडतुयास म्हनून."

पाया पडलेल्यांपैकी एकानं आपला नारळ उचलून परत पिशवीत टाकला. मला दया आली नाही. यायला हवी होती, म्हातारा माणूस, असं काही जण नंतर म्हणाले. त्यांच्या आईला कुणी खुळी ठरवलं नव्हतं.

"उद्या दसरा हाय," मी त्याला म्हटलं. "आमच्या वस्तीवर या. तेव्हा जेवढी माणसं गोळा केली होती तेवढ्यांपुढं सांगा." मी माझा टेस्टर उचलला. नारळ मी दिला नाही.

मला वाटलं नव्हतं तो येईल. पण आला. त्याचा मुलगा गाडीवर घेऊन आला, हातात आपट्याची पानं. दसऱ्याची संध्याकाळ, सोनं द्यायला सगळी वस्ती घरोघर फिरत होती, त्यामुळं कुणाला बोलवायला जावं लागलं नाही. तो अंगणात उभा राहिला आणि बोलला. घोळवलं नाही, हे त्याचं मी मान्य करते. "बटान बंदच हुतं. पोरगी खरं बोलत हुती. वायर माज्या हातनं उलटी पडली हुती, अन् म्या ती गपचिप बदलून बाईवर ढकललं." पाणवठ्यावर हसणाऱ्या त्याच बायका होत्या, आता केस पिकलेल्या. त्या एकमेकींकडं बघायला लागल्या.

आई दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं आणि एकच विचारलं.

"तवाच कळलं हुतं, का मागनं?"

"तवाच," मिस्त्री म्हणाला. त्यानं सोनं पुढं केलं. "माफ करा, वयनी."

आईनं हात पुढं केला नाही. दसऱ्याला दारात आलेल्याचं सोनं घ्यायचं नाही, असं आमच्याकडं वैऱ्याशीही करत नाहीत. ती म्हणाली, "हाताचं म्हनाल तर त्येचं काय न्हाई. हात कामानं बी जातोय मानसाचा. तुमी मला खुळी केलीत. माजं बोलनं मातीत घातलंत. न कळता केलं असतं तर सोडून दिलं असतं म्या. पर तुमाला ठावं हुतं." मग चुलीकडं हात करून म्हणाली, "च्या ठेवलाय, पिऊन जावा. माफी न्हाई माज्यापाशी."

त्यानं उभ्यानंच चहा प्यायला, कप ओट्यावर ठेवला आणि मुलाच्या मागं गाडीवर बसून गेला. पानं त्याच्या हातातच राहिली. माणसं पांगली. जाता जाता एकदोघी आईच्या पायाला हात लावून गेल्या, आईनं त्यांच्याकडं बघितलंही नाही. मी मनात म्हणत होते, झालं, माझं काम झालं, आता मला निवांत झोप लागेल.

वडील सगळा वेळ शेरडांच्या वाड्याच्या काठीला टेकून उभे होते. म्हातारे झालेत तेही. गाडीचा आवाज लांब गेल्यावर त्यांनी सुस्कारा सोडला आणि म्हणाले, "चला. मिटलं येकदाचं."

आई चहाचा कप उचलत होती. ती थांबली, आणि कितीतरी वर्षांत पहिल्यांदा मी तिला त्यांच्याकडं सरळ बघताना बघितलं.

"त्येचं मिटलं," ती म्हणाली. "त्यो परका हुता, त्यो खोटं बोलला. तुमी तर माज्या घरातलं. तुमी त्येचं खरं धरलंत, माजं न्हाई. तुमी कवा बोलनार?"